गेरूचा पट्टा

हॅबगुड पुन्हा झाडाखाली उभा होता आणि पद्माकर धुमाळ पुन्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवून होता. हातातला चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

"खिसे भरतोय," पद्माकर म्हणाला. "वाकला. उचललं. गेलं खिशात."

"काय उचललं?" अरुणानं कणीक मळता मळता विचारलं.

"ते कळलं असतं तर मी इथं उभा राहिलो असतो का?"

पद्माकरनं चहा सिंकमध्ये ओतला, गमबूट चढवले आणि चिखल तुडवत बांधावर गेला. हँपशरच्या त्या भागातली माती खाली खडू आणि वर चिकण. पावसानं एकदा भिजली की मार्चपर्यंत बुटाचा पाय सोडत नाही. त्यामुळं रागानं तरातरा जायचं म्हटलं तरी माणूस पचक पचक करतच पोचतो आणि निम्मा राग वाटेतच सांडतो. उरलेल्या रागात त्यानं हॅबगुडला विचारलं, की इथं काय चाललंय.

हॅबगुड सत्तरीचा, मेंढ्या राखणारा, आजोबापासून त्याच शिवारात रुजलेला. त्याचं इंग्रजी बेसिंगस्टोकच्या ऑफिसातलं नव्हतं. ते दातांतून कमी आणि नाकातून जास्त यायचं. पद्माकरला ते पहिल्या दिवसापासून आपल्या गावच्या, वडूजच्या बाजारातल्या बोलण्यासारखं ऐकू यायचं, म्हणून इथंही ते तसंच दिलंय.

"झाडाकडं बगतोय," हॅबगुड म्हणाला. "बगाया बी पट्टी पडती व्हय, पाव्हणं?"

पद्माकरला या गावात घर घेऊन बरीच वर्षं झाली होती, पण हॅबगुडच्या लेखी तो अजून पाव्हणाच होता. चर्चच्या आवारात ज्याच्या नावाचा एकही दगड नाही तो पाव्हणा, असा तिथला हिशेब.

"बघा की," पद्माकर म्हणाला. "पण झाड माझं आहे."

"बुंदा तुमचा. फांद्या माज्या मेंढरांवर हायत्या."

एवढं बोलून तो खिशात हात घालून निघून गेला. खिसे फुगलेले होते.

झाड ॲशचं होतं. बांधावरच्या कुंपणात, गल्लीसारख्या अरुंद रस्त्याच्या कडेला, दोघांच्या शिवारांच्या मधोमध. बेसिंगस्टोकच्या कॉम्प्युटर कंपनीतून निवृत्त झाल्यावर पद्माकरनं हे घर आणि त्यालगतची रानाची पट्टी घेतली, ती याच झाडाकडं बघून. या गावात माणसाची पारख त्याच्या लाकडाच्या रचाईवरून होते. घरात कितीही पुस्तकं असोत, छपराखालची लाकडं ओली निघाली आणि धुराड्यातून काळा धूर आला, की माणूस गेला कामातून. आणि लाकडांत राजा म्हणजे ॲश. ओक दोन-दोन वर्षं वाळत घालावा लागतो, पाइननं धुराडं तुंबतं. ॲश मात्र थोडं ओलं असलं तरी गुमान जळतं. सगळ्या गावाचा डोळा ॲशवर. हॅबगुडच्या घरात तर दोन शेगड्या होत्या.

त्यात तालुकाभर ॲशला रोग पडला होता. शेंड्याकडून वाळत यायचं, आणि मग वाऱ्यात फांदी कुणाच्या गाडीवर पडेल सांगता येत नाही. पद्माकरच्या पट्टीत रस्त्याच्या कडेला असली मेलेली झाडं रांगेनं उभी होती. बांधावरचं एवढं एक झाड मात्र उन्हाळ्यात शेंड्यापर्यंत हिरवंगार असायचं. पद्माकरचं मत असं, की म्हणूनच हॅबगुडला ते हवंय. सरपण निरोगीच बरं.

संशय हा पद्माकरचा स्वभाव नव्हता, वारसा होता. वडूजला त्याच्या वडिलांनी भावकीशी बांधावरच्या जांभळीवरून दावा लावला होता. दावा एवढा चालला, की निकाल लागला तेव्हा जांभळ वाळून खडंग झाली होती. निकाल वडिलांच्या बाजूनं लागला. त्या वर्षी चुलीला सरपण कमी पडलं नाही. वडिलांनी जाताना सांगितलं होतं, शेजारी बांध आधी डोळ्यानं कोरतो, मग नांगरानं.

हॅबगुडचा डोळा तर रोज चालू होता. उन्हाळ्यात तो दुर्बीण लावून झाडाचा शेंडा बघायचा. त्याच्या शेडच्या मागं जाळीखाली झाकलेलं काहीतरी होतं आणि त्या फाटकाला कुलूप होतं. मेंढ्यांना कुलूप नाही, ट्रॅक्टरला कुलूप नाही, आणि जाळीला कुलूप. शिवाय पद्माकरच्या लाकडांची रास दर महिन्याला बसत चालली होती. लाकूड वाळलं की आकसतं, असं अरुणानं कुठंतरी वाचून सांगितलं. पद्माकर म्हणाला, आकसतं ते एका बाजूनंच कसं आकसतं, आणि तीही हॅबगुडकडची बाजू.

जानेवारीत कौन्सिलनं सगळ्यांना कळवलं, की रस्त्यावरची मेलेली झाडं ज्याची त्यानं काढावीत. हॅबगुडनं पुढाकार घेतला. सगळ्यांनी मिळून एकच करवतवाली टोळी बोलवावी, म्हणजे सोयीचं पडेल. त्यासाठी गावच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. पद्माकर गेला नाही. गावच्या मीटिंगला गेलं की कशावर तरी सही होते आणि ती नंतर निस्तरावी लागते, हे त्याला वडूजपासून माहीत होतं. गेला असता तर त्याला कळलं असतं, की टोळीचा माणूस तिथं उभा राहून काय सांगून गेला. पाडायच्या झाडाच्या बुंध्यावर लाल रंग लावून ठेवा, बाकीच्यांना आम्ही हात लावणार नाही. साधी गोष्ट. सगळ्या गावाला आधीपासून माहीत असलेली.

हॅबगुडनं जाता जाता कुंपणावरून एवढंच सांगितलं. "सोमवारी मानसं यायच्यात. तुमच्यातली मेलेली दावून ठिवा. थंडीत समदी सारकीच उघडी, त्यांस्नी काय कळतंय."

"बरं," पद्माकर म्हणाला. कशी दाखवायची, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं की समोरचा सावध होतो.

घरात येऊन तो बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिला. सोमवारी करवती येणार, आणि शनिवार-रविवार नातीच्या, सियाच्या वाढदिवसाला पिनरला जायचं, परत यायचं ते सोमवारी संध्याकाळी. मुलगी तनू तिला घेऊन वाट बघत होती, टाळणं शक्य नव्हतं. आपण नसताना टोळी येणार. टोळी बोलावली कुणी, तर हॅबगुडनं. पद्माकरला सगळं चित्र स्वच्छ दिसलं. मेल्याच्या नावाखाली जित्याचा मुडदा पाडायचा आणि मग टोपी काढून म्हणायचं, चुकून झालं पाव्हणं.

तेव्हा त्याला वडूजचा रस्ता आठवला. दोन्ही बाजूंना वड, आणि प्रत्येक वडाच्या बुंध्याला गेरूचा लाल पट्टा, त्यावर चुन्याचा पांढरा. सरकारनं लावलेला. तो पट्टा असलेल्या झाडाची काटकी मोडायची गावात कुणाची छाती नव्हती. एकानं फांदी तोडली, तर फौजदारानं त्याला फांदीसकट चावडीपर्यंत चालवत नेलं होतं. पट्टा म्हणजे नोंद. पट्टा म्हणजे याला धनी आहे.

अरुणानं लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानातून दिवाळीत दाराशी रांगोळीखाली सारवायला गेरू आणला होता. त्याची पुडी पद्माकरनं फडताळातून काढली, पावसानं उतरू नये म्हणून त्यात सुताराचा डिंक घोटला आणि शुक्रवारी भर थंडीत जाऊन झाडाला छातीच्या उंचीवर वीतभर रुंद पट्टा ओढला. वर बाथरूमचा उरलेला पांढरा रंग. लांब होऊन बघितलं. झाड एकदम सरकारी दिसायला लागलं.

"मेलेल्यांचं काय?" अरुणानं विचारलं.

"ती नेऊ देत की. त्यांना कशाला रंग?"

"अहो, हॅबगुडना एकदा विचारून घ्या."

"चोराला विचारू, की बाबा, कुलूप कुठलं लावू?"

पिनरला तनूनं सगळं ऐकून घेतलं. ती या देशातच जन्मलेली, शाळेत शिकवते. "बाबा, तुमची प्रॉब्लेम ट्रस्टची आहे," ती म्हणाली. "त्या अंकलला डायरेक्ट विचारा ना, तुम्हाला काय पाहिजे म्हणून." पद्माकरनं हसून केक खाल्ला. दोन्ही रात्री त्याला अशी झोप लागली, की घोरण्यानं सिया उठून आईच्या खोलीत गेली.

सोमवारी परतल्यावर अरुणा आधी घरात शिरली. "स्वयंपाकघरात एवढा उजेड कसा हो?" ती म्हणाली.

खिडकीत आभाळ होतं. नुसतं आभाळ, खिडकीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मावळतीचं. रस्त्याच्या कडेची मेलेली झाडं रांगेत जशीच्या तशी उभी होती. बांधावर काही नव्हतं. बांधाखाली आडवा पडलेला बुंधा होता, लाल-पांढऱ्या पट्ट्यासकट, आणि त्यावर हॅबगुड बसला होता.

पद्माकर कसा पोचला ते त्याला कळलं नाही. या खेपेला चिखलानं त्याला थांबवलं नाही.

"कापलंत," तो म्हणाला. "शेवटी कापलंत."

हॅबगुडनं वर बघितलं. "मी शुक्रवारपास्नं मेंढरं घिऊन बाजारात हुतो. आत्ता आलोय." मग त्यानं पट्ट्यावर हात ठेवला. "रंग कुनी लावला?"

"मी."

"कशापायी?"

"तुम्ही तोडू नये म्हणून."

हॅबगुडनं अंगठ्याच्या नखानं रंग खरवडून बघितला. "आमच्याकडं लाल लावत्यात त्ये पाडाया," तो म्हणाला.

"आमच्याकडं लावतात ते राखायला."

यावर दोघांपैकी कुणी हसलं नाही. हॅबगुडनं खिशात हात घालून मूठ बाहेर काढली आणि उघडली. वाळक्या चपट्या शेंगा होत्या, पंखासारख्या. ॲशचं बी.

"तालुक्यातलं येवढंच झाड रोगानं धरलं न्हवतं," तो म्हणाला. "धा वरसं बगतोय. माज्याकडची समदी गेली. म्हनलं ह्येचं बी टिकंल. जाळीखाली कुंड्यात लावलंय."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तुमी कुंपान घातलं असतं."

पद्माकरनं विचार केला. त्यानं कुंपण घातलं असतं. वर कॅमेराही लावला असता.

"आन तुमी मोजायची फीत घिऊन बांध मोजत हिंडायचा," हॅबगुड म्हणाला. "मला वाटलं, जमीन घरं बांदनाऱ्याला इकतोय ह्यो. झाड मोलाचं हाय म्हनलं तर त्याचं बी मोल लावंल."

"मी बांध मोजत होतो तो तुम्ही कोरला का बघायला."

"मंग? कोरला हुता?"

"नाही," पद्माकर नाइलाजानं म्हणाला.

टोळी आठवड्यानं पुन्हा आली आणि मेलेली झाडं पाडून गेली. त्यांना रंग हॅबगुडनं स्वतः लावला. बांधावरचं ॲश दोघांनी निम्मं निम्मं फोडून घेतलं. पद्माकरनं त्यातलं पहिलं लाकूड शेगडीत घातलं. ते उत्तम जळलं. धूर नाही, ठिणगी नाही, सगळं घर ऊबदार. पद्माकर उठून वरच्या गार खोलीत जाऊन बसला आणि अरुणानं त्याला जेवायलाच हाक मारली.

मार्चात हॅबगुडनं कुलूप काढलं. जाळीखाली कुंड्या होत्या. ॲशचं बी दोन हिवाळे मातीत झोपून राहतं. पहिल्या वर्षांच्या बियांतली काही जागी होऊन वीत-वीत वाढली होती. पद्माकरच्या मनात पहिली गोष्ट आली, की बी माझ्या झाडाचं, तेव्हा रोपं माझी. त्यानं ती बोलून दाखवली नाही. हॅबगुड मात्र मनातलं बोलला. "कुंडी माजी, माती माजी, पानी माजं."

बराच खल होऊन असं ठरलं, की सगळ्यांत धडधाकट रोप जुन्या झाडाच्या खुंटाशेजारी, बरोबर बांधावर लावायचं. दोघांनी सुतळी ताणली. पद्माकरनं फीत लावून बघितली, हॅबगुडनं एक डोळा मिटून बघितलं. सुतळी दोनदा सरकली, एकदा इकडं, एकदा तिकडं. मग खड्डा घेतला.

अरुणा ताटात पाणी, हळद आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. झाड लावायचं तर पूजा हवी. तिनं कुंकवात बोट बुडवलं आणि वाकली.

"लाल नको," दोघं एकदम म्हणाले. एक मराठीत, एक इंग्रजीत.

अरुणानं बोट पदराला पुसलं आणि नुसती हळद लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्माकर चहा घेऊन खिडकीत उभा राहिला. रोप जागेवर होतं. पण इथून बघितलं तर ते किंचित हॅबगुडच्या बाजूला कलल्यासारखं दिसत होतं. त्यानं चहा ठेवला, गमबूट चढवले आणि पचक पचक करत बांधावर गेला. हॅबगुड आधीच तिथं होता, पलीकडून, एक डोळा मिटून.