शेवटची अकरा पानं

लेथवाल्या मिस्त्रींना पुस्तक वाचून दाखवणं म्हणजे तारेवरची कसरत होती. वय अठ्ठ्याहत्तर, चाळीस वर्षं लेथवर लोखंड कातण्यात गेलेली, डोळे सहा वर्षांपूर्वी पूर्ण गेलेले. पण कान असे तिखट की वाचणाऱ्याने अर्धी ओळ गाळली तरी बोट वर. "सूनबाई, मधे काहीतरी गळलं." आणि खरंच गळलेलं असायचं.

सूनबाईचं रस्त्याकडच्या खोलीत कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पॅन्ट आखूड करायची, चेन बदलायची, लग्नानंतर सुटलेल्या पोटांसाठी कोटांच्या शिवणी सैल करायच्या. दुपारी एक ते तीन दुकान बंद. ते दोन तास सासऱ्यांचे. अडखळायला नको म्हणून ती उद्याची पानं आदल्या दिवशीच डोळ्यांखालून घालून ठेवायची, कारण अडखळलेलंही त्यांना चालत नसे.

गल्लीच्या टोकाच्या वाचनालयात एक रीत होती. दर महिन्याला सहा नवी पुस्तकं यायची, सहा जातींची. जो वाचेल त्याने मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आपल्या अभिप्रायाची चिठ्ठी चिकटवायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रंथपालबाई त्यातल्या निवडक चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या, आणि मग जमलेल्या वीसपंचवीस शहाण्यांची जुंपायची.

मिस्त्री सांगायचे, सूनबाई लिहून घ्यायची. रहस्यकथेवर त्यांनी लिहवलं, "खुनी सापडला, छान झालं. पण बाहेरून कडी लावलेल्या खोलीतून तो निघाला कसा, हे लेखक विसरला. मी विसरलेलो नाही." विज्ञानकथेवर, "यान चांगलं उडतं. मात्र ह्या लेखकाने आयुष्यात एकही नट आवळलेला नाही." एका नटीच्या आत्मचरित्रावर, "बाई सगळ्यांना माफ करते, फक्त बहिणीला नाही. तेवढंच खरं वाटलं." आणि कवितांवर, "कळल्या नाहीत. सातवी मात्र तीनदा वाचायला लावली." लोक आधी चिठ्ठी वाचायचे आणि मग पुस्तक घरी न्यायचं की नाही ते ठरवायचे. एकटे निवृत्त पोस्टमास्तर तेवढे नाक मुरडायचे. मिस्त्री यायच्या आधी तिथे त्यांच्या चिठ्ठ्यांना मान होता ना!

असा हा सगळ्यांच्या चुका काढणारा माणूस, आणि त्याच्याच घरात एका माणसाचं नाव निघत नसे. थोरली मुलगी. वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं ती बापाच्या बरोबरीने उभी राहिली होती. ऑर्डर घ्यायची, कातून तयार झालेला प्रत्येक जॉब, म्हणजे सुटा भाग, मापून बघायची. सात वर्षांपूर्वी जॉबची मापं चुकायला लागली. मिस्त्री म्हणायचे लोखंड वाईट, मशीन जुनं, कामगार आळशी. शेवटी एक दिवस दोन गिऱ्हाइकांसमोर थोरलीने सांगून टाकलं, "बाबांना आता दिसत नाही. काम दुसरीकडे द्या." मिस्त्रींनी तिला तिथल्या तिथे घर सोडायला सांगितलं. घरी बॅग भरायला आली तेव्हाही तोंड फिरवून बसले. वर्षभराने खरंच अंधार झाला. थोरलीचं बरोबर होतं हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती, पण सुंभ जळतो, पीळ जळत नाही. तिनेही पुन्हा कधी फोन केला नाही. शेवटी मुलगी कोणाची?

आणि दोन महिन्यांपूर्वी, एका प्रवासवर्णनातला कंटाळवाणा डोंगर चढता चढता, मिस्त्रींनी मधेच विचारलं, "थोरलीचा नंबर तोच आहे का गं?"

सूनबाईच्या हातून पुस्तक पडता पडता राहिलं. "तोच आहे, मामंजी. लावू?"

"मी लाव म्हटलं का? वाच पुढे."

तिने वाचलं, पण त्या दिवशी तिचा आवाज नाचत होता. घाई नको, असं तिने ठरवलं. पिकतंय ते पिकू द्यावं.

नेमकी त्याच आठवड्यात ती कादंबरी आली. होड्या बांधणारा एक म्हातारा, भांडून गेलेली मुलगी, आणि नदीकाठच्या घरात दाराकडे तोंड करून बसलेला तो. मिस्त्री असे रंगले की चहा निवायचा. सूनबाईने शेवटचं प्रकरण आदल्या दिवशी वाचून पाहिलं आणि पुस्तक पटकन मिटलं. मुलगी येतच नाही. म्हातारा वाट बघत बघत जातो.

नुकता कुठे हा माणूस नंबर विचारायला लागलाय, आणि त्याला हे ऐकवायचं? पुन्हा सात वर्षं गप्प बसेल. तिच्या धंद्यात साधा नियम होता: टोचतं ते उसवायचं आणि माणसाला बसेल असं शिवायचं. दोन दिवस "घसा बसलाय" म्हणून तिने वाचन टाळलं, मशीनवर कोपर टेकून वहीत स्वतःची अकरा पानं लिहिली, आणि तिसऱ्या दिवशी ती पुस्तकात घालून घडाघडा वाचली. एकदाही अडखळली नाही. बोटही वर झालं नाही.

उलटणाऱ्या पानांचे आवाज मोजत बसलेल्या मिस्त्रींनी निवलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, "लिही. शेवटच्या अकरा पानांत लेखकाचा हात बदलल्यासारखा वाटतो. आधी तो जरा मोठेपणा मिरवत लिहितो. शेवटी साधं लिहिलंय, घरातलं माणूस बोलल्यासारखं. मुलगी दारात उभी राहून 'चहा टाकू का' विचारते, तिथे मला थोडा वेळ थांबावं लागलं."

सूनबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं बोलून वर शाबासकी! तिने ती चिठ्ठी सुंदर अक्षरात लिहिली आणि वाचनालयात नेऊन स्वतःच्या हाताने चिकटवली.

दुसऱ्याच दिवशी तिने हळूच विषय काढला. "मामंजी, तो नंबर..."

"राहू दे," मिस्त्री खुशीत म्हणाले. "काही गरज नाही. तो म्हातारा नुसता बसून राहिला, आली की नाही पोरगी? आपलीही येईल. रक्त ओढ घेतंच."

झालं! करायला गेली एक आणि झालं भलतंच. त्या दिवसापासून मिस्त्रींना रोज इस्त्रीचा शर्ट लागायला लागला. खुर्ची त्यांनी दाराकडे वळवून घेतली. दुकानात कोणी पॅन्ट घेऊन आलं की त्यांची हनुवटी वर व्हायची. "कोण आहे?" "गिऱ्हाईक आहे, मामंजी." हनुवटी खाली. दिवसातून दहा वेळा वर, दहा वेळा खाली. सूनबाईला जेवण जाईना. तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "आता गप्प बस. झाकली मूठ झाकलेलीच बरी." तसंही ह्या घरात गप्प बसायची सवय सगळ्यांनाच होती.

मग पहिला रविवार आला. मिस्त्री पहिल्या रांगेत, शेजारी सूनबाई. ग्रंथपालबाईंनी होडीवाल्या कादंबरीवरची मिस्त्रींची चिठ्ठी वाचली, दोघांचौघांनी वाहवा केली. मग बाईंनी तिच्याखाली चिकटवलेली दुसरी चिठ्ठी वाचायला घेतली आणि मधेच त्यांचा आवाज बारीक झाला. अक्षर पोस्टमास्तरांचं होतं. "ह्या कादंबरीत मुलगी परत येत नाही. मिस्त्रींनी पुस्तक पुरतं वाचलेलं दिसत नाही. न वाचता अभिप्राय देणं ह्या वाचनालयात शोभत नाही."

मागून कोणीतरी खुदकन हसलं.

"मी ह्या कानांनी ऐकलंय!" मिस्त्री काठी आपटून उभे राहिले.

"मग कान तपासून घ्या," पोस्टमास्तर म्हणाले.

"माझ्या कानांवर जाऊ नका! चाळीस वर्षं मी नुसत्या आवाजावरून सांगायचो, हत्यार बोथट झालंय म्हणून. मुलगी येते. दारात उभी राहते. चहाचं विचारते. नसेल तसं, तर मी ह्यापुढे इथे पाऊल ठेवणार नाही. बाई, काढा ते पुस्तक."

ग्रंथपालबाईंचा हात कपाटाकडे गेला.  गप्प राहावं, पुढचं पुढे बघू, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण म्हातारा एवढ्या विश्वासाने उभा होता, तिच्या आवाजाच्या भरवशावर आपली अब्रू पणाला लावून. ती उठली.

"पोस्टमास्तरांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मुलगी येत नाही. मामंजींनी पुस्तक नीट ऐकलं. शेवट मी बदलून वाचला. त्या अकरा पानांतलं सगळं माझं आहे."

कोणी हसलं नाही. पोस्टमास्तरांनीसुद्धा चष्मा काढून पुसायला घेतला. मिस्त्री दाराच्या दिशेने चालायला लागले.

रोज ते तिचं कोपर धरून चालायचे. आज नुसती काठी, आणि तिच्या तीन पावलं पुढे. अर्ध्या गल्लीत ती घाबरून म्हणाली, "डावीकडे सायकल उभी आहे."

"खरंच आहे का?" मिस्त्रींनी विचारलं.

ते तिला असं लागलं की रस्त्यातच रडू फुटलं. मिस्त्रींनी काठीने सायकल चाचपली, वळसा घातला आणि पुढे गेले.

घरी आल्यावर ते खुर्चीत बसले. "वाच," म्हणाले. "त्याने लिहिलंय ते. जसंच्या तसं."

पुस्तक तिने निघतानाच ग्रंथपालबाईंकडून मागून घेतलं होतं. डोळे पुसून तिने वाचायला घेतलं. म्हातारा दाराकडे बघत बसलेला. नदीला पाणी चढतं, उतरतं. एका सकाळी शेजारी येतो तेव्हा खुर्चीतला माणूस गेलेला असतो. शेजारी मुलीला कळवतो. ती म्हणते, "त्यांनी एकदा हाक मारली असती, तर मी चालत आले असते."

"ते वाक्य परत वाच."

तिने परत वाचलं.

"हे माझ्यापासून का लपवलंस?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून."

"सूनबाई, खरं सांग."

तिने पुस्तक मिटलं. आता लपवायला उरलं काय होतं? "मला तुमची भीती वाटते, मामंजी. ताईंनी खरं सांगितलं होतं. त्यांचं काय झालं ते मी बघितलंय. त्या बॅग घेऊन ह्या दारातून गेल्या तेव्हा मी इथेच उभी होते. मला लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हाच ठरवलं, ह्या घरात राहायचं तर तुम्हाला आवडेल तेवढंच बोलायचं."

 बाहेर कोणीतरी शटर वाजवून "दुकान उघडं आहे का?" विचारलं आणि उत्तर न मिळाल्यावर निघून गेलं. ह्या वेळी मिस्त्रींची हनुवटी वर झाली नाही.

"खरं बोलणारी एक होती, तिला मी हाकललं," ते शेवटी म्हणाले. "मग बाकीच्यांनी गोड बोलायला शिकायचं नाही, तर काय करायचं? ही चूक तुझी नाही. मूळ मापच माझं चुकलं." त्यांनी हात पुढे केला, त्या हाताला ती सापडेना म्हणून तिनेच तो धरला. "ती अकरा पानं कुठे आहेत?"

"फाडून टाकते."

"अजिबात नाही. वाचनालयात दे, तुझ्या नावाने. लेखकाची म्हणून ती खोटी आहेत. तुझी म्हणून फार चांगली आहेत. माझे कान इतकेही काही गेलेले नाहीत." ती रडता रडता हसली. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी शर्टाचं वरचं बटण उघडलं, पुन्हा लावलं. "आता नंबर लाव."

तिने लावला, स्पीकर चालू करून फोन त्यांच्या तळहातावर ठेवला आणि जायला निघाली. त्यांनी तिचा पदर धरून तिला थांबवलं. चार वेळा घंटी वाजली.

"बोल गं, वहिनी," थोरलीचा घाईतला आवाज आला. नणंद-भावजयीचं अधूनमधून बोलणं होतं, हे मिस्त्रींना आज कळलं.

"वहिनी नाही. मी आहे."

 पलीकडे चालू असलेला कसला तरी नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"तू तेव्हा म्हणालीस ते बरोबर होतं," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज चिरकत होता, पण ते थांबले नाहीत. "मला दिसत नव्हतं. तू सांगण्याच्या आधी सहा महिने दिसत नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि तरी मी तुला हाकललं. मी चुकलो, पोरी."

थोरली रडत होती. तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "बाबा, मी येऊ का? उद्याची सुट्टी टाकते. सकाळची गाडी मिळाली तर..."

"नाही," मिस्त्री म्हणाले. "तू नको येऊस. मी येतो. पत्ता सांग, सूनबाई लिहून घेतेय."

सूनबाईने पेन्सिल उचलली. डोळ्यांसमोरचं सगळं इतकं पाणावलं होतं की गल्लीचं नाव तिला दोनदा विचारावं लागलं.