काडीची तहान

लांब दांड्याचा डाव आपल्या कुत्रीच्या, काडीच्या, शेपटीखाली धरून मुलगी अंगणात वाकून चालत होती. काडी दोन पावलं टाकायची, थांबायची आणि मागे वळून बघायची.

“कर गं बाई, पाया पडते तुझ्या!”

“तो डाव परत माझ्या स्वयंपाकघरात आणू नकोस,” आई दारातून म्हणाली.

“आणते, आणि त्यानेच वाढते!”

कुणी हसलं नाही. पिल्लू असताना बरगड्या दिसायच्या, म्हणून नाव काडी. आता पोट लोंबत होतं, पाठ टकली झाली होती आणि बादली रिकामी केली तरी तहान भागत नव्हती. हार्मोनचा आजार असेल, कदाचित डोक्यात गाठ, असं म्हणून डॉक्टरबाईंनी तिचं रक्त घेतलं होतं आणि तपासायला लघवीही आणायला सांगितली होती. तेव्हापासून मुलीला जेवण जात नव्हतं.

बाबा पायरीवर बसले होते. फरश्या बसवून बसवून, सिमेंटने त्यांचे हात सोलवटले होते. लघवी उरकून काडी धापा टाकत त्यांच्याकडे गेली आणि ते हात चाटू लागली.

“ही माझी डॉक्टर,” बाबा पुटपुटले. “हिला काही झालं तर...”

दवाखान्यात डॉक्टरबाई रक्ताचा अहवाल पुन्हा पुन्हा बघत राहिल्या.

“विचित्रच आहे. लक्षणं हार्मोन जास्त असल्याची, आणि हिचं शरीर तर ते बनवतच नाहीये. म्हणजे बाहेरून पोटात जातंय. स्टेरॉइडची गोळी, खाजेचं मलम, असं काही?”

“छे! आम्ही हिला कधीच काही लावत नाही. शप्पथ!”

“हिला नाही गं. तुमच्यापैकी कुणी?”

मुलीने मान वळवली. टेबलावर काडी बाबांचं एकेक बोट मन लावून चाटत होती.

बाबांनी हात ओढून घेतला.

“मी लावतो. हातांना, रोज,” ते म्हणाले. “तीच धावत येते हो.”

“म्हणजे गाठ नाही?” मुलगी इतक्या मोठ्याने ओरडली की बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकलं.

“बहुतेक नाही. पण शरीराला सवय झालीय, एकदम तोडलं तर कोसळेल. गोळ्या देऊन हळूहळू उतरवू. हात चाटणं मात्र आजपासून बंद.”

बाहेर आल्यावर बाबा दोन्ही हात काखेत दाबून उभे राहिले. काडी त्यांच्या गुडघ्याला नाक घासू लागली.

मुलीने पटकन आपला हात पुढे केला. काडीने तो हुंगला, आणि पुन्हा बाबांकडे वळली.