पहिलं पाणी

"पहिलं पाणी मातीला! मोरीत ओतलंस तर गाठ माझ्याशी आहे."

मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून आई हे बजावत आली. शेवटच्या आजारातही बजावतच होती. मिस्सेचा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतला, प्याला पुसायचे पांढरे रुमाल धुण्याचं काम चर्चनं तिच्याकडे दिलेलं. त्या प्याल्यातला द्राक्षारस म्हणजे प्रभूचं रक्त, रुमालाला एखादा थेंब लागतोच. म्हणून रुमाल आधी नुसत्या पाण्यात भिजवायचे, ते पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतायचं, मग साबण, खळ आणि इस्त्री. इस्त्री करताना आई मनात जप करायची, कोणाशी बोलायची नाही. नातवंडं मुद्दाम तिला हसवायला जायची. ती डोळ्यांनीच धपाटा घालायची.

जाण्याआधी तिनं माझं मनगट धरलं. "चालवशील ना?"

"चालवीन, आई."

तेव्हा आम्हाला अंगण होतं. पण दफनाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर मला भोवळ आली आणि दादा मला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. नववा मजला. सकाळी दादा-वहिनी कामावर जाताना दार बाहेरून लावून घेतात. "पडलीबिडलीस तर कोण बघणार?" दादा म्हणतो. रागानं लावलेलं कुलूप असतं तर मी भांडले तरी असते. हे मायेचं. गॅलरीलाही काच बसवलेली आहे. कुंड्या आहेत, पण फुलं प्लॅस्टिकची आणि मातीच्या जागी गुळगुळीत गोटे. काचेला कपाळ टेकवलं की खाली झाडं दिसतात, कोथिंबिरीच्या जुडीएवढी. सकाळची प्रार्थना मी तिथेच म्हणते.

दादाची मुलगी चर्चमधून रुमाल आणून देते. पहिल्या खेपेला वहिनीनं ते उचलून थेट मशीनमध्ये टाकले. "वन्सं, बघा कसे पांढरेशुभ्र निघाले!" तिचा चेहरा इतका खुलला होता की मी नुसतं छान म्हटलं. त्या दिवशी मी जेवले नाही. पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

या खेपेला सगळे उठायच्या आत मी रुमाल भिजवले आणि ते पाणी छोट्या बादलीत काढून, वर फडकं घालून, माझ्या खोलीत ठेवलं.

"दादा, मला जरा खाली नेशील?"

"कशाला?"

मी सांगितलं.

"अगं छोटे," दादा हसला. साठीला आले तरी मी त्याची छोटीच. "सिंकमध्ये ओत की. शेवटी सगळं पाणी मातीलाच मिळतं. देव काय पाइप तपासत बसलाय?"

"आईला शब्द दिलाय मी."

"रविवारी बघू. जिना उतरायचं मात्र मनातही आणू नकोस, लिफ्टचाही भरवसा नाही."

रविवार उजाडला, पण तो आईच्या आठवणीच्या प्रार्थनेचा. माणसं दाटीवाटीनं बसली. फादरही आले. पाहुण्यांच्या पिशव्या ठेवायला वहिनीनं माझी खोली रिकामी केली आणि बादली बाहेर नेऊन दारापाशी ठेवली. मला कळलं ते मामी आल्यावर. पांढरं फडकं, चर्चच्या दाराशी असतं तसं दाराजवळचं पाणी. मामीनं फडकं सारून त्यात बोटं बुडवली आणि भक्तिभावानं क्रूस काढला. मागून मामानं काढला. त्यांच्यामागून आणखी दोघांनी.

"छान केलंत हो, आशीर्वादाचं पाणी ठेवलंत," मामी वहिनीला म्हणाली.

वहिनी गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मी घाईनं फडकं परत घातलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर फादरांनी ते सगळ्यांवर शिंपडलंच असतं.

आत दादा आईच्या गोष्टी सांगत होता. सांगतो छान. "तापानं फणफणली होती, तरी निघाली चर्चला. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, आई, पडशील. तर मला म्हणते, सरक रे बाबा, तुझा डोळा चुकवून जाण्याइतकी बारीक मी राहिले नाही!"

सगळे खळखळून हसले. दादा डोळे पुसत होता. मलाही हसू आलं, आणि हसता हसता माझं लक्ष दाराकडे गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ते सताड उघडं होतं.

मी बादली उचलली.

"आत्या," भाची मागे येऊन उभी राहिली होती. "लिफ्ट आत्ताच बंद पडलीय."

"असू दे."

"मी येऊ?"

"नको. तू पप्पांना बोलतं ठेव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पाहुण्यांच्या ढिगातून माझ्या चपला पायानंच पुढे सरकवल्या आणि आत वळून मोठ्यानं म्हणाली, "पप्पा, मग आजी गेली का चर्चला? पुढे सांगा ना!"

दादाचा आवाज पुन्हा चढला. मी कठडा धरला आणि पाणी हिंदकळणार नाही अशा बेतानं पहिली पायरी उतरले.