मे महिन्याचं आभाळ

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. नारायण पेठेतल्या चैतालीताईंच्या फोटो स्टुडिओत, कोपऱ्यातल्या टेबलावर माझा मुक्काम असतो. मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते आता सांगता येणार नाही, पाठीवरचं लेबल कधीच निघून गेलं. पण रंग जसा असेल तसाच दाखवायचा, ही शिकवण मी तिथूनच घेऊन आलो. चैतालीताई फोटोंचं काम माझ्यासमोर बसूनच शिकल्या. "याच्यावर दिसतं तसंच कागदावर उतरतं," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग एक मोठा, झगझगीत मॉनिटर आला. त्याच्यावर कोमेजलेला झेंडूसुद्धा ताजा दिसतो. मला बिलं करायला बसवलं. राग आला, पण सांगणार कुणाला?

त्याच सुमारास ताईंनी कॉम्प्युटरमध्ये 'आभाळं' नावाचं एक फोल्डर केलं. उन्हात काढलेल्या फोटोत आकाश बऱ्याचदा पांढरंफटक येतं. ते कापून टाकायचं आणि फोल्डरमधलं एखादं निळं, ढगांचं आभाळ चिकटवून द्यायचं. लग्नाआधी फोटो काढून घेणाऱ्या जोडप्यांना ते भारी आवडायचं. एकच गुबगुबीत ढग तीन लग्नांना हजर राहिला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एक दिवस वारज्याहून तात्याराव आले. महापालिकेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. घरामागच्या टेकडीचा फोटो त्यांनी आपल्या कॅमेऱ्याने काढून आणला होता. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई रोज त्या टेकडीवर फिरायला जायच्या. आता गुडघे चालू देत नव्हते, आणि खिडकीसमोर नवी इमारत उभी राहिल्यामुळे टेकडी घरातूनही दिसेनाशी झाली होती.

"पलंगावरून दिसेल असा मोठा करून द्या," ते म्हणाले. "ती हल्ली नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असते."

फोटोत टेकडी छान आली होती, आभाळ मात्र कोऱ्या कागदासारखं. ताईंनी सवयीने फोल्डर उघडलं. तो गुबगुबीत ढग पुन्हा कामाला लागला.

फोटो घरी गेला आणि चारच दिवसांत तात्यारावांच्या बगलेतून परत आला.

"काय झालं काका? आवडला नाही?"

"फोटो सुंदर आहे. फक्त आमचा नाही. खाली गवत वाळलेलं आणि वर श्रावण! ही म्हणाली, 'कुठल्या गावची टेकडी आणलीत?' आणि कूस बदलून झोपली."

ताईंनी मला फडक्याने पुसलं, फोटोंच्या कॉम्प्युटरची केबल जोडली आणि मूळ फोटो माझ्यावर उघडला. खरं सांगतो, मला भरून आलं.

आकाशाचा उजेड त्यांनी हळूहळू खाली आणला, तशी टेकडीच्या कडेला धुळकट, फिकी निळाई दिसू लागली. ती कॅमेऱ्याने टिपलेलीच होती, फक्त उजेडात बुडाली होती. मधला भाग मात्र खरोखरच कोरा होता. तिथे त्यांनी कडेचाच रंग अगदी पातळ पसरला. सूर्याच्या बाजूचं पांढरं तसंच राहू दिलं, कारण मे महिन्यात भर दुपारी ते तसंच असतं. टेकडीच्या सावल्यांनाही हात लावला नाही. मग उठून गल्लीत गेल्या, दोन इमारतींमधून दिसतं तेवढं आभाळ पाहिलं, आणि परत येऊन केलेल्यातलं निम्मं काढून टाकलं.

"काका, हे जरा साधंच दिसतंय," त्या बिचकत म्हणाल्या.

"टेकडी साधीच आहे," तात्याराव म्हणाले आणि नवा फोटो घेऊन गेले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. ताईंनी स्पीकर लावला.

"बुद्धांच्या तसबिरीशेजारी लावलाय. ही बघतेय..."

तेवढ्यात मागून प्रेमलाबाईंचा आवाज आला. "अहो, हा तर भर दुपारचा आहे! डॉक्टरांनी उन्हात फिरू नका म्हणून सांगितलंय ना? डोक्यावर टोपी तरी होती का?"

"नव्हती," तात्याराव म्हणाले. मग फोन तोंडाजवळ धरून हळूच म्हणाले, "ओळखली हो तिने."

मित्रांनो, फोटो जरूर सुधारा. पण हरवलंय तेवढंच भरा, आणि भरताना त्या दिवशीचं ऊन विसरू नका. माझ्यासारख्या जुन्या मॉनिटरला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसत जा. आणि दुपारी टेकडीवर जाणार असाल तर टोपी घाला. हे मात्र माझं नाही, प्रेमलाबाईंचं सांगणं आहे.