पन्नास अंकांची माफी

हेल्मेटचा दुसरा घाव प्रेमिलामावशींच्या खांद्यावर बसला, तेव्हा मी पाच पावलांवर उभी होते. माझ्यामागे दुसरी 'ब'च्या अडतीस मुलांची रांग होती. मुलांना सोडून पुढे कशी जाणार, असं मी नंतर सगळ्यांना सांगत फिरले. खरं कारण एवढंच की मी घाबरले होते.

साडेबाराची शाळा सुटण्याची वेळ, मार्चचं ऊन. फाटकाच्या लहान लोखंडी दारात मावशी आडव्या उभ्या होत्या. उजवा हात चौकटीला धरलेला, मागे त्यांच्या पदरात तोंड खुपसून माझ्या वर्गातली सोनिका. बाहेरून तिचा बाप रविंद्र दार ढकलत होता.

"माही पोरगी आहे! हट म्हणतो ना!"

"कार्ड दाखव, रविंद्रा."

"बापाले कार्ड मागून राहिली तू?"

"बापालेबी लागते. कार्ड नाही तं पोरगी नाही."

आमच्या सिस्टरांच्या शाळेत पिवळं कार्ड दाखवल्याशिवाय मूल कुणाच्याही हाती देत नाहीत. सोनिकाचं कार्ड तिच्या आईकडे, मिनलकडे होतं. दहा दिवसांपूर्वी मिनल पोरीला घेऊन माहेरी निघून आली होती आणि मुलीला वडिलांकडे सोडू नये असा अर्ज शाळेत देऊन गेली होती. तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याखाली हिरवट डाग होता. तो कशाचा हे आम्ही कुणी विचारलं नाही. आम्ही सगळे फार सभ्य लोक आहोत.

तिसरा घाव मनगटावर पडला. मावशी हलल्या नाहीत म्हणून रविंद्रनं दार आपल्याकडे ओढलं आणि लाथ मारून धाडकन परत लोटलं. त्यांची बोटं चौकटीतच होती. सुकी शेंग मोडावी तसा आवाज झाला. मावशींनी ओरडायचं सोडून डाव्या हातानं खिळ्यावरची पितळी घंटा उचलली आणि दारातून त्याच्या कपाळावर घातली. घंटा ठणाणली. शाळा सुटली असं समजून पहिलीची मुलं दप्तरं सावरत चालू लागली. रविंद्र रस्त्यावर बसला होता, भुवईतून रक्त ओघळत होतं आणि त्याच्या तोंडून आईबहिणीचा उद्धार चालला होता. मग ऑटोवाल्यांनी धावत येऊन त्याला धरलं.

"मिस, हिले वर्गात न्या," मावशी मला म्हणाल्या. "आतून कडी लावा." उजव्या हाताची दोन बोटं भलत्याच दिशेला वळलेली होती आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता, हेच मला जास्त लागलं.

प्रेमिलामावशी कन्हानच्या. नवरा कोळसा खाणीतल्या अपघातात गेला तेव्हा आमच्या हेडमिस्ट्रेस सिस्टर बेनिटांनी त्यांना फाटकावर ठेवलं, त्याला सव्वीस वर्षं झाली. घरी गणपती, शाळेत मदर मेरी, दोघांचंही त्यांच्याशी बरं जमायचं. मुलं सिस्टरांपेक्षा त्यांना जास्त भ्यायची. कारण भांडणांचा निकाल मावशी लावत.

आमच्याकडे भांडण मिटवायची एक रीत होती. फाटकाशेजारी दगडांची लहानशी गुहा आहे, तिच्यात निळा शेला घेतलेली मदर मेरी. मुलं त्याला ग्रोटो म्हणतात. दोन मुलं भांडली की दोघांना ग्रोटोसमोर आणायचं, एकमेकांचा हात धरायला लावायचं आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी मोठ्यानं पन्नासपर्यंत अंक मोजायचे. पन्नास झाले की माफी झाली. मध्येच कुणी हात सोडला तर मावशी स्टुलावरूनच ओरडत, "हात सोडला! पुन्हा पहिल्यापासून!" पालक कौतुकानं फोटो काढत. मीही काढले आहेत.

मावशींना रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं, दोन बोटांचा चुरा झाला होता. सिस्टर बेनिटा दिवसभर जपमाळ घेऊन त्यांच्या उशाशी बसल्या, आपल्या हातानं त्यांना पेज भरवली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्यांनी जे केलं ते काही दुष्टपणानं केलं नाही.

तिसऱ्या दिवशी सिस्टरांच्या खोलीत बैठक झाली. पालक संघाचे अध्यक्ष गोपाळराव, सिस्टर आणि मी. रविंद्रनं दोन पानी माफीनामा पाठवला होता. तो आमचाच माजी विद्यार्थी, हिंगण्याला कंपनीत सुपरवायझर.

"पोलिसात गेलं तं शाळेचं नाव पेपरात येईल," गोपाळराव म्हणाले. "पोरगा चांगल्या घरचा आहे जी. बायको निघून गेली म्हणून डोकं फिरलं त्याचं."

"वो खुद बोला, सिस्टर, मैं ग्रोटो के सामने माफी मागतो," सिस्टर भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "सगळ्या मुलांसमोर. प्रेमिलाचा हात धरणार. मग मिनलचा धरणार, आणि मायलेकींना घरी नेणार. एक घर जुडेल, भूमिका मिस. हा ईस्टरआधीचा उपवासकाळ आहे. इससे अच्छा क्या होगा?"

फाटकाच्या फळ्यावर माझ्याच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, 'या महिन्याचे मूल्य : क्षमा'. मी मान डोलावली आणि तिघांचे चहाचे कप आत नेऊन ठेवले.

शनिवारी हा निरोप घेऊन मी कन्हानला गेले. मावशी खाटेवर बसल्या होत्या, प्लास्टरमधला हात उशीवर. शेजारी मिनल बसून त्यांना वरणभात भरवत होती. सोनिका दारात फरशीवर खडूनं रेघोट्या मारत होती.

सिस्टरांचं म्हणणं मी सांगितलं. मावशी हसल्या.

"माफ करायले माहं काय जाते, मिस? सिस्टरनं म्हटलं तं करून टाकते. सव्वीस वर्षं तिचंच मीठ खाल्लं. लेकराले आईबाप भेटते तं चांगलंच आहे ना."

मिनलच्या हातातला घास ताटात पडला.

"मावशी, तुम्ही हात देसान तं मले बी द्या लागन," ती म्हणाली.

"मंग? नवराच आहे ना वं तो."

"तुम्हाले मालूम नाही." तिनं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तो मारते ना, मंग हात पुढं करते. म्हणते, धर. शाळेत शिकवलं मले, हात धरला की संपलं. अन् मोठ्यानं मोजायले लावते. सोनिकाले."

"काय मोजायले?" मावशींनी विचारलं.

"पन्नासवरी. मधात माहा हात सुटला तं..." तिनं पदर तोंडात धरला. "तं म्हणते, हात सोडला, पुन्हा पहिल्यापासून. अन् पुन्हा मारते. पहिल्यापासून."

मावशी आपल्या प्लास्टरकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा बसल्या जागी म्हातारा झाला.

"हे माहं वाक्य आहे," त्या म्हणाल्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मी नवीनच लागली होती तवा हा रविंद्र दुसरीत होता. अश्विन नावाचं एक धिप्पाड पोरगं रोज त्याले मारे. मुतारीत नेऊन मारे. एक डाव कंपासचं टोक मांडीत खुपसलं त्याच्या. हा रडत माह्यापाशी ये. अन् मी काय करो? दोघायले ग्रोटोपाशी नेवो अन् म्हणो, धरा हात. एक दिवस तिथंच उभ्यानं चड्डी ओली केली यानं. मी हसली, मिस. साऱ्याच पोरायसंगं मी बी हसली. मार कोनं खाल्ला, हे मी कधी इचारलंच नाही."

"मावशी, म्हणून त्यानं बायकोला मारायचं?" मी म्हटलं.

"नाही. ते त्याचं पाप आहे, त्याचं त्यानं फेडावं." त्यांनी ताट बाजूला सारलं. "मी माह्या पापाचं बोलून राहिली."

पुढे काय करणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझीही हिंमत झाली नाही. परतीच्या बसमध्ये मी काढलेले ते फोटो आठवत बसले. प्रत्येक फोटोत दोघांपैकी एक मूल खाली बघत होतं.

सोमवारी प्रार्थनेला तीनशे मुलं मैदानात उभी होती. रविंद्र पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, भुवईवर चार टाके. मिनल सोनिकाचा खांदा धरून उभी होती. गोपाळराव मोबाइल घेऊन तयार होते. सिस्टर क्षमेवर थोडंसं बोलल्या. रविंद्रनं ग्रोटोपुढे गुडघे टेकले, उठला, आणि मावशींपुढे हात केला.

मावशींनी डावा हात पदराखाली घेतला.

"रविंद्रा, लहानपणी तुले मार पडे अन् मी तुलेच हात धरायले लावो. त्याची माफी मी मागते, या साऱ्या पोरायसमोर मागते. चुकलंच माहं. पण मी हात नाही देत. अन् मिनल बी नाही देत."

"प्रेमिला!" सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, मले कामावरून काढा लागते तं काढा. मी नाही देत."

रविंद्र हसला. मग त्याला जाणवलं की सगळे बघताहेत, आणि ते हसू गेलं. "तमाशा नको करू, मावशी. हात दे."

"नाही."

त्यानं पदराखाली हात घालून मावशींचा डावा हात ओढून काढला आणि मुठीत आवळला.

हात धरलेला पहिलीच्या मुलांनी पाहिला. हात धरला की काय करायचं हे त्यांना आम्हीच शिकवलेलं. "एक," ती ओरडली. "दोन. तीन." दुसरीनं सूर धरला, मग तिसरीनं, मग सगळ्या मैदानानं. आठपर्यंत तीनशे आवाज एक झाले होते. रविंद्र मनगट पिरगाळत होता आणि मावशींचे गुडघे वाकत होते. "सोडला की पुन्हा पहिल्यापासून, तूच म्हणे ना! म्हण आता! म्हण!" तो त्यांच्या तोंडावर ओरडत होता. प्लास्टरचा हात त्यांनी पोटाशी धरला होता. सोनिकाही मोजत होती. डोळे मिटून, आपल्या दोन्ही मुठी पाठीमागे लपवून, सगळ्यांत मोठ्यानं. "चौदा. पंधरा. सोळा."

एकोणीसला मी रांग सोडली. मी त्याची बोटं उघडायला गेले, ती उघडेनात. मी एम.ए., बी.एड. आहे, माझ्या आवाजाची तारीफ सगळे पालक करतात. मी त्याच्या मनगटाला चावले. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. त्यानं दुसऱ्या हातानं माझ्या कानफटात मारली, माझा चष्मा उडाला, आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.

"बंद करो!" सिस्टर बेनिटांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "गिनती बंद करो!"

मोजणी सत्तावीसला तुटली. मागून एकच बारीक आवाज "अठ्ठावीस" म्हणाला आणि तोही थांबला. दोन पालकांनी रविंद्रला खाली पाडून धरून ठेवलं. सिस्टरांनी गोपाळरावांच्या हातातला मोबाइल घेतला आणि स्वतः पोलिसांना फोन लावला. बोलताना त्यांचा दुसरा हात मावशींच्या डोक्यावर होता. मावशी ग्रोटोच्या पायरीवर बसल्या होत्या आणि मिनल त्यांच्या मनगटावर पाणी ओतत होती. ती त्या दिवशी नवऱ्याच्या घरी गेली नाही, नंतरही नाही.

पुढे काही पालकांनी नावं ठेवली. मुलांसमोर असं व्हायला नको होतं, म्हणाले. पालक संघानं फाटकावर तरुण माणूस ठेवायची लेखी मागणी केली. सिस्टरांनी ते पत्र वाचलं, घडी केली आणि बायबलात ठेवून दिलं. त्यावर त्या आजवर काही बोललेल्या नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडली. मावशींच्या उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. घंटा त्या डाव्या हातानं वाजवतात आणि तिचा ठोका जरा चुकतो, पण मुलांना त्याचीही सवय झाली.

परवा मधल्या सुट्टीत दुसरीतल्या दोन मुली भांडल्या. वेण्या सुटलेल्या, श्वास फुललेले, दोघी आपणहून ग्रोटोसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि एकमेकींपुढे हात केले. आजूबाजूला घोळका जमला. कुणीतरी "एक" म्हणणारच होतं.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "कोनाले लागलं?"

दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पुन्हा तेच विचारलं तेव्हा त्यांच्यातल्या लहान मुलीनं पुढे केलेला हात हळूहळू मागे घेतला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

सव्वीस वर्षांत मावशींच्या स्टुलावर दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. त्या उठल्या, त्या मुलीला काखेत धरून वर बसवलं आणि घंटेची वेळ होईपर्यंत तिच्या शेजारी उन्हात उभ्या राहिल्या.