टाकीच्या सळईमागचा ढग

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ घडाघडा वाचून दाखवली, की भिंग खूश होण्याऐवजी तक्ताच बदलून टाकीत असे. "पाठ केलेलं नको, दिसतंय ते सांगा," हे त्याचे पालुपद. या चष्मेवाल्याला गावाने 'भिंग' म्हणावे, याला केवळ त्याचा धंदाच कारण नव्हता. हाती आलेली प्रत्येक गोष्ट तो वीसपट मोठी करून पाही आणि मग तिच्याशी वाद घाली. हौशी रेडिओचा परवाना काढून तो वादळ-निरीक्षकांच्या मंडळीत सामील झाला, तेव्हा बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला होता. "चला, आता ढगांशी भांडा. माझा घसा तरी वाचेल!"

मंडळीचे काम दिसायला सोपे होते. आभाळ बिघडले, की ज्याने त्याने आपल्या ठरल्या जागी उभे राहून दिसेल ते रेडिओवर सांगायचे. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई 'केंद्र' म्हणून ते सारे टिपून घेत आणि हवामान कचेरीला व इस्पितळाला कळवीत. यंत्रे असताना माणसे कशाला, असे कोणी विचारलेच, तर भिंग हातातला चष्मा खाली ठेवून समजावू लागे: रडार इथून दीडशे किलोमीटरवर, त्याचा किरण जातो सरळ, पृथ्वी मात्र त्याच्या खालून वळत जाते, म्हणून गावावर पोहोचेतो तो अडीच किलोमीटर उंचावर गेलेला असतो. त्याच्या खाली काय चालले आहे, हे पाहायला डोळेच लागतात.

त्या दिवशी दुपारी साडेतीनला रडारने गावाच्या दिशेने येणारा एक फिरता ढग दाखवला; असा ढग फिरत फिरत जमिनीला टेकला, तर छपरे उडवणारी सोंड होते. भिंग गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत, खिडकीशी जाऊन उभा राहिला. समोर पाण्याची टाकी, टाकीवर वीज झेलायला उभारलेली सळई आणि तिच्या नेमक्या मागे काळ्या ढगाच्या पोटातून खाली लोंबणारा एक जाड, फाटका पदर. चार वर्षे ज्याची वाट पाहिली, ते हेच तर नव्हे?

इतक्यात फोन वाजला. बायको इस्पितळाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर मुख्य परिचारिका होती.

"अहो, इथे अकरा खाटा आहेत. दोघं यंत्रावर श्वास घेतायत. लिफ्टमध्ये खाट मावते, यंत्र मावत नाही. खाली न्यायचं तर वाटेत हातानं श्वास द्यावा लागेल, त्यात कोणी दगावायचं. नाही नेलं आणि छप्पर उडालं तर सगळेच. काय करू?"

"अगं, मी काय त्या ढगाचा जावई आहे? मी बाईंना सांगेन, त्या तुला सांगतील."

"मग नीट बघा. निदान आज तरी वाद न घालता बघा."

रेडिओ खरखरला. गावाच्या दुसऱ्या टोकावरून बेकरीवाला ओरडत होता, "बाई, सोंड! हत्तीची सोंड उतरलीय! ओव्हर!"

"सात नंबर, तुम्हाला काय दिसतं?" भिंगाला विचारणाऱ्या बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा शांत होता. "ओव्हर."

'सोंड' हा शब्द भिंगाच्या अगदी ओठांवर आला होता. त्याने तो मागे लोटला, हनुवटी चौकटीवर टेकवली, एक डोळा मिटला आणि घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट त्या पदराकडे पाहिले. चिंध्या वर जात होत्या, विरत होत्या, पुन्हा लोंबत होत्या. पण एक कड इकडे आणि दुसरी तिकडे, असे काही होत नव्हते.

"केंद्र, सात नंबर. पदर लोंबतोय, जमिनीपासून पुष्कळ वर. फिरत नाही. ओव्हर."

"रडार म्हणतं, फिरतोय."

"वर फिरत असेल, बाई. मी खालचं सांगतोय."

"भिंगसाहेब, ढगालाही नंबर काढून द्या!" बेकरीवाला मध्येच म्हणाला.

"आणि बाई, ढग स्थिर आहे," भिंगाने ठासून सांगितले. "पाच मिनिटं सळईच्या रेषेतून जरासुद्धा हललेला नाही. ओव्हर."

बाईंनी ते टिपले. मग बाईंनी विचारले, "डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मोठा होतोय का? ओव्हर."

भिंगाने हात लांब करून बोटे आडवी धरली. पहिल्या नोंदीच्या वेळी त्याने असेच मोजले होते, तेव्हा पदर दोन बोटे रुंद होता. आता तीन बोटांनीही तो झाकेना. जी गोष्ट रेषेवरून ढळत नाही आणि वाढत जाते, ती उभी नसते. ती नाकासमोर चालत आपल्याकडेच येत असते. आणि त्याच रेषेत, भिंगाच्या पाठीमागे, इस्पितळ होते.

आपला शब्द गिळणे त्याच्या जिवावर येई. पण या वेळी त्याने बटण दाबायला क्षणाचाही उशीर केला नाही.

"केंद्र, माझं चुकलं. ढग स्थिर नाही, सरळ इस्पितळावर येतोय. पण अजूनही फिरत नाही. मागे पांढरा पडदा दिसतोय, गारांचा असावा. दर मिनिटाला सांगत राहतो. ओव्हर."

"समजलं. 'स्थिर' खोडू का?"

"नको. वेळेसकट राहू द्या. खाली दुरुस्ती लिहा."

बाईंनी इस्पितळाला कळवले: ढग येतोय, पण फिरत नाही, लिफ्ट नको, खिडक्यांपासून सर्वांना दूर हलवा. पुढची अकरा मिनिटे भिंग दर मिनिटाला "फिरत नाही" एवढेच सांगत राहिला. आणि प्रत्येक वेळी, पुढच्या मिनिटाला फिरला तर, या विचाराने तो पुन्हा हनुवटी चौकटीवर टेकवत होता. मग गारा आल्या. खिडकीची काच तडकली, टाकी दिसेनाशी झाली, आणि तो पायऱ्यांवर डोके धरून बसला.

पाऊण तासाने कुठे फोन लागला.

"त्या बाजूच्या सगळ्या काचा गेल्या," बायको म्हणाली. "खाटांच्या जागी काचांचा खच पडलाय. वीज गेली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. रिकामी होती."

"आणि ते दोघं?"

"आतल्या बोळात आहेत, यंत्रासकट. यंत्रं बॅटरीवर चाललीयेत. अकराही जण सुखरूप."

"बरं केलंस," भिंग वाद न घालता एवढेच म्हणाला. बायकोला हे इतके नवीन होते, की तिने फोन कानापासून दूर धरून पाहिला.

"ऐकताय ना?"

"गारा केवढ्या होत्या?" त्याने विचारले.

"लिंबाएवढ्या."

"लिंबू केवढं? लिंबं काय सगळी सारखी असतात?"

"एक बर्फाच्या पेटीत ठेवलीय तुमच्यासाठी," ती म्हणाली. "पट्टी घेऊन या, आणि लवकर या. वीज अजून आलेली नाही."