संपातली पायली

मित्रांनो, तांदूळ मोजायची एक जुनी लोखंडी पायली आहे मी. गोंदियाच्या एका लोहाराने मला घडवले आणि सौंदडच्या बाजारातून मुन्नीबाईने मला घासाघीस करून घरी आणले. पुढे वजनकाटे आले आणि मी फळीवर पडून राहिले.

मुन्नीबाई राइस मिलमध्ये पोती शिवायची. मागच्या हिवाळ्यात मजुरी वाढवून मागत मिलचे मजूर संपावर गेले. कोणाची चूल विझू नये म्हणून युनियनने गावोगावी फिरून तांदूळ जमवला. दर रविवारी संपकऱ्याच्या घराला पायलीभर तांदूळ द्यायचे ठरले. वाटपाचे काम मुन्नीबाईकडे आले; तिने मला फळीवरून काढून लख्ख घासले. इतक्या डोळ्यांनी माझी वाट याआधी कधी पाहिली नव्हती.

मग मिलमधला मनिराम हमाल संपातून फुटला आणि मागच्या दाराने कामावर जाऊ लागला. त्या रविवारी त्याची बायको देवकाबाई पिशवी घेऊन आली, तशा रांगेतल्या बाया दूर सरकल्या.

"हिले कायले देता?" रांगेतला मजूर उदाराम ओरडला. "हिचा नवरा मिलमध्ये जाऊन राहिला ना!"

"तो जाते. मी नाई जात," देवकाबाई म्हणाली. "मी बी त्याच मिलची मजूर आहो. त्याचं घर सोडून लेकीसंगं मायजवळ राहून राहिली."

मुन्नीबाईने मला शिगोशीग भरले आणि तिच्या पिशवीत रिते केले. "संप हिचा आहे, उदाराम. नवऱ्याले काऊन मोजतोस?"

देवकाबाई नंतरही येत राहिली. शेवटी उभी राहायची, पिशवी पुढे करायची. तांदूळ मिळे, पण तिच्याशी कोणी बोलत नसे. खुद्द मुन्नीबाईही नाही.

संप जिंकला. गुलाल उधळला. सगळे कामावर गेले, देवकाबाईही गेली. पण थोड्याच दिवसांत ती मुन्नीबाईच्या दारात आली.

"मी डोंगरगडले बहिणीकडे राहाले चालली, बाई."

"काऊन वो? आता तर मजुरी वाढली."

"तू तांदूळ देल्ला, तुझे उपकार आहेत. पण जेवाच्या सुटीत मले कोणी जवळ बसू देत नाई. तू बी नाई."

देवकाबाई लेकीचा हात धरून स्टेशनकडे निघून गेली.

मित्रांनो, आता मी पुन्हा फळीवर असते. मला हात नाहीत, बोलता येत नाही. नाहीतर तिला मीच हाक मारली असती. तुम्हाला हात आहेत, बोलताही येते. अडलेल्याला पायलीभर द्याच, पण जेवताना जरा सरकून त्याला जागाही द्या.